ताटांतली लाल मिरची : डॉ. आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांचें अल्पचरित्र

मध्य युरोपांत हंगेरी नांवाचा एक लहानसा देश आहे. त्याच्या मध्यभागीं डॅन्यूब व टिसा या दोन नद्यांच्या आसपास एक विस्तीर्ण सपाट प्रदेश पसरलेला आहे. जिकडे पहावें तिकडे गवत, आणि त्या गवतांत चरणारे लांब शिंगांच्या करड्या गुरांचे कळप, असें या मैदानाचें रूप शेंकडों वर्षें होतें. हंगेरियन भाषेंत गुरांच्या कळपास 'गुया' म्हणतात, व तो कळप राखणाऱ्या गुराख्यास 'गुयाश'. हे गुराखी उघड्या माळावर तीन काठ्या एकत्र बांधून त्यांस एक लोखंडी कढई टांगीत, खालीं जाळ घालीत व आपलें जेवण शिजवीत. त्या जेवणासहि पुढें त्यांचेंच नांव मिळालें. आज जगांत 'गुलाश' या नांवानें जें मांसाचें कालवण ओळखलें जातें, त्याचा उगम या गुराख्यांच्या कढईंत आहे.

तें करण्याची रीत साधी आहे. डुकराच्या चरबीवर पुष्कळसा कांदा मंद विस्तवावर परतावा, मग कढई क्षणभर खालीं उतरवून त्यांत लाल मिरचीची पूड घालावी; कारण त्या पुडींत साखरेचा अंश असल्यामुळें फार तापलेल्या चरबींत ती जळून कडू होते. नंतर गुरांच्या पायाचें निबर मांस, जिऱ्याच्या जातीचें एक सुवासिक बीं, पाणी व मागाहून बटाटे घालून तें सर्व सावकाश शिजूं द्यावें. कोणी कोणी त्यांत कणकेच्या चिमटून काढलेल्या लहान गोळ्या सोडतात. त्या पाहून आपल्याकडील वरणफळांची आठवण व्हावी. परदेशीं लोक याचा दाट रस्सा करितात, पण खुद्द हंगेरींत गुयाश हें पातळ सारासारखें असतें; दाट प्रकारास तेथें 'पर्कल्ट' असें निराळें नांव आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हें अन्न गोरगरिबांचें समजलें जाई. १७८४ सालीं व्हिएन्नाच्या दुसऱ्या जोसेफ बादशहानें हंगेरीच्या राज्यकारभारांत जर्मन भाषा सक्तीची केली. त्यानंतर हंगेरियन सरदारांस आपल्या भाषेचा, आपल्या पोशाखाचा व आपल्या अन्नाचा अभिमान वाटूं लागला, आणि गुराख्याच्या कढईंतलें कालवण वाड्यांतील पंक्तींत येऊन बसलें.

त्या कालवणास रंग व चव देणारी 'पाप्रिका' मिरची मात्र मूळची हंगेरीची नव्हे; ती अमेरिकेची. कोलंबसाच्या सफरींनंतर ती युरोपांत आली. हंगेरींत ती तुर्कांच्या अमदानींत पोंचली, म्हणून तेथील लोक पूर्वीं तिला तुर्की मिरीं म्हणत. त्याच शतकांत पोर्तुगीजांनीं तीच वनस्पति गोव्याच्या वाटेनें आपल्या देशांत आणिली. म्हणजे आपल्या भाकरीबरोबरचा ठेचा आणि हंगेरियन गुराख्याचें गुयाश यांचें आजोळ एकच आहे. आपण तिचा तिखटपणा जोपासला. हंगेरियन लोकांनीं १८५९ च्या सुमारास सेगेद येथें बिया व आंतील शिरा काढून सौम्य पूड दळण्याची युक्ति काढिली, व पुढें मुळांतच बिनतिखट अशा जाती तयार केल्या. सेगेद व कालोचा या गांवांच्या आसपास शरद ऋतूंत घरांच्या पांढऱ्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या लांब माळा वाळत टांगण्याची रीत आहे. या साध्या मिरचींत एक रत्न दडलेलें होतें. तें ज्या माणसानें बाहेर काढिलें, त्याचें चरित्र आपल्या विद्यार्थी मित्रांपुढें ठेवावें, असा या लेखाचा हेतु आहे.

आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजीं बुडापेस्ट शहरीं झाला. वडील मिक्लोश हे जमीनदार होते. त्यांचें सारें लक्ष शेतीवाडींत व गुराढोरांत असे. आई जोसेफीना ही विद्वानांच्या घराण्यांतील होती. तिचे वडील व तिचे बंधु मिहाय लेनहोशेक हे दोघेहि बुडापेस्ट विद्यापीठांत शरीररचनाशास्त्राचे अध्यापक होते. अशा घरांत आल्बर्ट मात्र पुस्तकांस विटलेला मुलगा निघाला. शिकवणीच्या मास्तरांवांचून तो परीक्षा उत्तीर्ण होत नसे. मिहायमामांनीं तर हा मुलगा मठ्ठ आहे असा निकालच देऊन टाकिला होता, आणि मामांच्या शब्दास त्या घरांत मोठें वजन होतें.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास या मुलांत एकाएकीं पालट झाला. तो वाचूं लागला. वाचलेल्या गोष्टींविषयीं विचारूं लागला. आणि एके दिवशीं आपण शास्त्रज्ञ होणार असें त्यानें घरीं जाहीर केलें. मामांनीं त्यास साफ विरोध केला. अशा मंद डोक्याच्या मुलाचें शास्त्रांत काय काम, असें त्यांचें मत होतें. मुलाचे गुण जसजसे वाढूं लागले, तसतसे मामाहि एकेक पायरी खालीं उतरूं लागले. प्रथम त्यांनीं प्रसाधनद्रव्यांच्या धंद्यापुरती मान्यता दिली, मग दंतवैद्य होण्यास हरकत नाहीं म्हणाले, आणि शाळेचा शेवटचा निकाल उत्तम लागला तेव्हां शास्त्राभ्यासास त्यांनीं संमति दिली. १९११ सालीं आल्बर्ट बुडापेस्टच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाला, व मामांच्याच प्रयोगशाळेंत सूक्ष्मदर्शक यंत्रापुढें बसूं लागला.

येथें आम्हां शिक्षकांनीं क्षणभर थांबावें असें मला वाटतें. प्रगतिपुस्तकावर एका शब्दाचा शेरा मारण्यास अर्धें मिनिट लागतें. तो शेरा पुसून काढण्यास मुलास कित्येक वर्षें लागतात. मिहाय लेनहोशेक हे थोर शास्त्रज्ञ होते, सूक्ष्मदर्शकाखालील पेशी ओळखण्यांत त्यांची नजर सहसा चुकत नसे. पण रोज ज्याच्याशीं भेट होई, त्या आपल्या भाच्याची पारख करण्यांत ती नजर चुकली. त्यांच्या बाजूनें एवढें म्हटलें पाहिजे कीं, आपली चूक दिसून येतांच त्यांनीं ती सुधारली.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें, व हा तरुण विद्यार्थी सैन्याच्या वैद्यकीय पथकांत रशियन आघाडीवर गेला. शौर्याबद्दल त्यास रौप्यपदक मिळालें. दोन वर्षें त्यानें मरणाऱ्यांच्या सोबतींत काढिलीं. सेनापतींनीं व मुत्सद्द्यांनीं लक्षावधि माणसांचा हा व्यर्थ होम चालविला आहे, अशी त्याची खात्री झाली. १९१६ सालीं एका माघारीच्या वेळीं त्यानें आपल्याच डाव्या दंडाच्या हाडांत गोळी झाडून घेतली, आणि ही शत्रूची गोळी आहे असें वरिष्ठांस सांगितलें. जखमी म्हणून त्यास घरीं धाडण्यांत आलें, व १९१७ सालीं तो वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला. त्याच वर्षीं कॉर्नेलिया देमेनी हिच्याशीं त्याचा विवाह झाला.

हा प्रसंग वगळून चरित्र लिहिणें सोपें होतें. परंतु स्वतः त्यांनींच तो पुढें उघडपणें सांगितला, मग आपण तो कां लपवावा? ती फसवणूक होती, व ती अनुकरणीय आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. मात्र हाच माणूस पुढील आयुष्यांत खऱ्या संकटांपासून पळाला नाहीं, हें वाचकांस पुढें दिसून येईलच. माणसाची परीक्षा त्याच्या एका कृत्यावरून करूं नये, हाहि एक धडा यांत आहे.

युद्धानंतर हंगेरीचे तुकडे पडले. पोझोन्य येथें त्यांनीं नुकतेंच संशोधन आरंभिलें होतें. तें शहर चेकोस्लोव्हाकियांत गेलें व त्यांस तेथून निघावें लागलें. मग प्राग, बर्लिन, हॅम्बर्ग, लायडेन व ग्रोनिंगेन असा प्रवास घडला. पत्नी व लहान मुलगी बरोबर. हातीं पैसा नाहीं. कित्येकदां पोटभर अन्नहि नाहीं. हॉलंडांतील ग्रोनिंगेन येथें असतांना एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीनें त्यांचें मन वेधून घेतलें. सफरचंद, बटाटा किंवा केळें चिरून ठेविलें, तर हवेच्या स्पर्शानें तें काळें पडतें. लिंबू अथवा संत्रें चिरलें, तर तें तसें काळें पडत नाहीं. हें असें कां व्हावें?

ही गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरांत रोज घडते. चिरलेलें वांगें आई पाण्यांत टाकिते, तें याच कारणास्तव. आपण ती पाहतों आणि सोडून देतों. ज्यॉर्जी यांनीं ती सोडून दिली नाहीं. काळे पडणाऱ्या वनस्पतींच्या रसावर एक रासायनिक प्रयोग केला असतां निळा रंग तत्काळ उमटे. पण त्यांत लिंबाच्या जातीच्या फळाचा रस मिसळला, कीं तो रंग उमटण्यास क्षणभर विलंब लागे. त्या क्षणभराच्या विलंबांत त्यांस एक अज्ञात पदार्थ दिसला. प्राणवायूचा मारा आधीं स्वतःवर घेऊन इतर द्रव्यांचें रक्षण करणारा असा कांहीं पदार्थ त्या रसांत असला पाहिजे, असें त्यांनीं ताडिलें. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ज्या ग्रंथि असतात, त्यांतहि तोच पदार्थ त्यांस आढळला.

इतक्यांत त्यांचे आश्रयदाते प्राध्यापक वारले, व नव्या अधिकाऱ्यांस हें काम रुचेना. १९२६ सालीं नोकरी सोडून, बायकोमुलीस माहेरीं धाडून, अगदीं निराश मनानें ते स्टॉकहोम येथील शरीरक्रियाशास्त्राच्या परिषदेस गेले. तेथें एक वक्ते होते केंब्रिजचे विख्यात शास्त्रज्ञ सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स. आपल्या भाषणांत त्यांनीं या अप्रसिद्ध हंगेरियनाच्या निबंधाचा एकदां नव्हे तर अनेकदां उल्लेख केला. मागच्या बांकावरील तो फाटका तरुण धीर करून त्यांस भेटला, आणि हॉपकिन्स यांनीं त्यास केंब्रिजला बोलाविलें. एका थोर माणसानें भर सभेंत केलेला प्रामाणिक उल्लेख दुसऱ्या माणसाचें आयुष्य कसें सांवरतो, याचें हें उदाहरण आहे.

केंब्रिज येथें त्यांनीं त्या पदार्थाचे पांढरे स्फटिक वेगळे काढिले. त्यांत कार्बनचे सहा अणु होते व तो शर्करेच्या कुळांतला होता, यापलीकडे त्याची ओळख पटेना. तेव्हां आपलें अज्ञान दर्शविणारें एक विनोदी नांव त्यांनीं त्यास सुचविलें; पण मासिकाच्या संपादकांस थट्टा खपली नाहीं, आणि शेवटीं 'हेक्झुरॉनिक ॲसिड' या गंभीर नांवानें १९२८ सालीं तो निबंध प्रसिद्ध झाला. पुढें अमेरिकेंत मिनेसोटा प्रांतीं जाऊन तेथील कत्तलखान्यांतून त्यांनीं गुरांच्या त्या ग्रंथींचे ढीग मिळविले, व महिनोगणती राबून सुमारें २५ ग्रॅम स्फटिक जमविले. त्यांतील कांहीं भाग त्यांनीं इंग्लंडांतील रसायनशास्त्रज्ञ नॉर्मन हॅवर्थ यांस पाठविला; परंतु पदार्थाची रचना ठरविण्यास तेवढा पुरेना.

आतां या पदार्थाचें महत्त्व कळण्यासाठीं एका जुन्या रोगाची ओळख करून घेतली पाहिजे. त्याचें नांव स्कर्व्ही. महिनोन्‌महिने ताजी भाजी व फळें मिळालीं नाहींत, म्हणजे हिरड्या सुजून त्यांतून रक्त येतें, दांत हलतात, बुजलेल्या जखमा पुन्हां उघडतात, आणि शेवटीं माणूस मरतो. १४९८ सालीं कालिकतास पोंचलेल्या वास्को द गामाच्या गलबतांवरील कित्येक खलाशी त्या सफरींत या रोगानें दगावले. १७४७ सालीं जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्यानें बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. त्यांत संत्रीं व लिंबें खाणारे लौकर बरे झाले. १९०७ सालीं नॉर्वेंतील शास्त्रज्ञांनीं गिनीपिग या लहान प्राण्यांसहि हा रोग होतो असें दाखविलें, त्यामुळें प्रयोगाची सोय झाली. फळांतील रोगनिवारक द्रव्यास 'क' जीवनसत्त्व असें नांव मिळालें. पण तें द्रव्य कोणी डोळ्यांनीं पाहिलेलें नव्हतें.

१९३० च्या सुमारास हंगेरीचे शिक्षणमंत्री क्लेबेल्सबर्ग यांच्या आमंत्रणावरून ज्यॉर्जी स्वदेशीं परतले, व टिसा नदीच्या कांठच्या सेगेद येथील विद्यापीठांत अध्यापक झाले. १९३१ सालीं तेथें जोसेफ स्व्हिर्बेली हा अमेरिकेंत वाढलेला हंगेरियन वंशाचा तरुण त्यांच्याकडे काम मागण्यास आला. एखाद्या पदार्थांत 'क' जीवनसत्त्व आहे कीं नाहीं हें गिनीपिगांवरून ओळखण्याची कला त्यास अवगत होती. ज्यॉर्जी यांनीं आपल्याजवळचे उरलेले स्फटिक त्याच्या हवालीं केले. ज्या प्राण्यांस उकळलेल्या, निःसत्त्व अन्नाबरोबर ते स्फटिक मिळाले ते धडधाकट राहिले. ज्यांस मिळाले नाहींत ते स्कर्व्हीनें मेले. हेक्झुरॉनिक ॲसिड म्हणजेच 'क' जीवनसत्त्व, हें १९३२ सालीं सिद्ध झालें. त्याच वेळीं अमेरिकेंतील चार्ल्स ग्लेन किंग यांनींहि तोच निष्कर्ष प्रसिद्ध केला, व अग्रमानाविषयीं दोन्ही पक्षांत पुष्कळ वाद माजला. किंग यांचेंहि श्रेय मोठें आहे, हें येथें नमूद करणें न्यायाचें होईल.

ओळख पटली, पण स्फटिक संपले. गुरांच्या ग्रंथि हंगेरींत तितक्या मिळण्यासारख्या नव्हत्या. लिंबूसंत्र्यांच्या रसांत साखर व इतर द्रव्यें इतकीं मिसळलेलीं असत, कीं त्यांतून शुद्ध पदार्थ वेगळा करणें अतिशय कठीण जाई. जगभर हिंडून गोळा केलेलें धन हातचें गेलें, आणि पुढचा मार्ग दिसेना.

अशा स्थितींत एके रात्रीं कॉर्नेलियाबाईंनीं जेवणांत ताजी लाल पाप्रिका वाढली. सेगेद हें तर त्या मिरचीचें माहेरच. तेथें ती नाहीं असें घर विरळा. ज्यॉर्जी यांस ती त्या रात्रीं खावीशी वाटेना, आणि पत्नीशीं वाद घालण्याचा धीरहि होईना. इतक्यांत त्यांच्या मनांत आलें कीं, आजवर आपण इतक्या वनस्पति तपासल्या, पण ही एक तपासली नाहीं. मिरची प्रयोगशाळेंत नेतों असें सांगून ते पानावरून उठले. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांस कळून चुकलें, कीं आपण ज्याच्या शोधार्थ देशोदेशीं हिंडलों त्याचा खजिना आपल्याच ताटांत होता. पुढें ही हकीकत ते हंसत हंसत सांगत, व हा शोध म्हणजे एका नवऱ्याच्या भित्रेपणाचें फळ आहे असें म्हणत.

लाल पाप्रिकेंत तें सत्त्व भरपूर होतें आणि लिंबासंत्र्यांप्रमाणें तें वेगळें करण्यास अडचण पडत नव्हती. मिरच्यांचा हंगाम चालू होता. सारी प्रयोगशाळा मिरच्या चिरण्यास व पिळण्यास लागली, आणि जेथें पूर्वीं वर्षभरांत कांहीं ग्रॅम मिळत, तेथें कांहीं आठवड्यांत एक किलोग्रॅमहून अधिक शुद्ध स्फटिक तयार झाले. ज्यॉर्जी यांनीं ते कुलुपांत ठेविले नाहींत. जे जे शास्त्रज्ञ या विषयावर काम करीत होते, त्यांस त्यांनीं ते वांटले. हॅवर्थ यांस पुरेसा पुरवठा मिळतांच १९३३ सालीं त्यांनीं त्या पदार्थाची रचना निश्चित केली, व स्कर्व्हीस हटविणारें म्हणून त्याचें 'ॲस्कॉर्बिक ॲसिड' असें नांव ठेवण्यांत आलें. १९३७ सालीं ज्यॉर्जी यांस वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. 'क' जीवनसत्त्वाबरोबरच शरीराच्या पेशींत अन्न कसें जळतें याविषयींच्या त्यांच्या संशोधनाचाहि तो गौरव होता. मायदेशांत केलेल्या कामाबद्दल हा मान मिळविणारे ते पहिले हंगेरियन होत.

आतां वाचक विचारतील, मग गुयाशाची एक वाटी प्याली म्हणजे हें सत्त्व मिळतें काय? याचें उत्तर विचार करण्याजोगें आहे. लाल जातीच्या ताज्या गोड मिरचींत दर १०० ग्रॅमला सुमारें १३० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असतें. संत्र्यांत तें सुमारें ५० मिलिग्रॅम असतें. परंतु हें सत्त्व फार नाजूक आहे. उष्णतेनें, हवेनें व वाळवण्यानें तें नाश पावतें, आणि पाण्यांत विरघळतें. म्हणून वाळलेल्या पुडींत तें ताज्या मिरचीइतकें उरत नाहीं, व तासन्‌तास उकळणाऱ्या कढईंत आणखी घटतें. बटाट्यांतील व ताज्या मिरचीच्या तुकड्यांतील जो अंश पाण्यांत उतरतो, तो गुयाश रश्श्यासकट पितात म्हणून कांहींसा पदरांत पडतो, इतकेंच. त्या कालवणाचें खरें सामर्थ्य वेगळें आहे : मांसांतील प्रथिनें व लोह, बटाट्याचें पिष्ट, चरबीची ऊब, आणि पाप्रिकेच्या तांबड्या रंगांतील 'अ' जीवनसत्त्वाचीं पूर्वद्रव्यें. थंडीवाऱ्यांत दिवसभर घोड्यावर राबणाऱ्या गुराख्यास तें अन्न योग्यच होतें.

यांत आणखी एक मौज आहे. पायाचें निबर मांस मऊ होण्यास वेळ लागतो, तो त्यांतील कोलॅजेन नांवाच्या चिवट तंतूमुळें. सावकाश शिजवल्यानें तो विरघळून रश्श्यास दाटपणा येतो. हाच तंतु आपल्या कातडीस, हिरड्यांस व रक्तवाहिन्यांस धरून ठेवितो, आणि तो नीट तयार होण्यास 'क' जीवनसत्त्व लागतें. गाय तें जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरांत बनविते. माणसास तें बनवितां येत नाहीं, त्यास तें अन्नांतूनच मिळालें पाहिजे. आपल्या घरच्या गृहिणींनींहि एवढें ध्यानांत ठेवावें, कीं लिंबू पिळावयाचें तें वरण उकळत असतांना नव्हे, तर ताटांत वाढल्यावर. त्यानें 'क' जीवनसत्त्व टिकतें, आणि डाळींतील व पालेभाजींतील लोहहि शरीरास अधिक मिळतें.

कीर्ति मिळाल्यावर ज्यॉर्जी स्वस्थ बसले नाहींत. स्नायु आकुंचन कसे पावतात, या प्रश्नाकडे ते वळले, आणि इलोना बांगा व ब्रूनो श्ट्राउब या सहकाऱ्यांसह त्यांनीं तो उलगडण्याच्या कामीं मोठी मजल मारली. सूक्ष्मदर्शकाखालीं प्रथिनाचा निर्जीव धागा आखडतांना त्यांस दिसला, तो आयुष्यांतील अत्यंत आनंदाचा क्षण होता असें ते सांगत. इकडे दुसरें महायुद्ध भडकलें होतें. फिनलंडावर संकट आलें तेव्हां त्या देशाच्या साह्यार्थ त्यांनीं आपलें नोबेलचें सुवर्णपदक देऊन टाकिलें. तें आज हंगेरीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. हंगेरीचें सरकार हिटलरच्या पक्षास होतें. १९४३ सालीं ज्यॉर्जी व्याख्यानाच्या निमित्तानें इस्तंबूलला गेले, व हंगेरीस युद्धांतून बाहेर काढण्यासाठीं त्यांनीं दोस्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींशीं गुप्त बोलणें केलें. हें जर्मनांस कळलें. १९४४ सालीं जर्मन सैन्य हंगेरींत शिरल्यावर त्यांच्या अटकेचा हुकूम सुटला, आणि युद्ध संपेपर्यंत हा नोबेल-विजेता घराघरांतून लपत फिरला. पूर्वीं युद्ध टाळण्यासाठीं ज्यानें आपल्या दंडांत गोळी मारून घेतली, त्यानेंच या वेळीं युद्ध थांबविण्यासाठीं आपला प्राण पणास लाविला.

युद्धानंतर कांहीं काळ ते बुडापेस्ट येथें अध्यापक होते. परंतु नव्या सत्तेखालीं स्वातंत्र्य उरणार नाहीं असें दिसून येतांच १९४७ सालीं ते अमेरिकेस गेले, आणि समुद्रकांठच्या वुड्स होल या गांवीं त्यांनीं पुन्हां प्रयोगशाळा मांडली. उत्तरायुष्य त्यांनीं कर्करोगाच्या संशोधनास वाहिलें. त्या कामीं त्यांस हवें होतें तसें यश आलें नाहीं. १९३६ सालीं त्यांनीं आणखी एका जीवनसत्त्वाचा शोध लागल्याचें जाहीर केलें होतें, पण तें जीवनसत्त्व नव्हे असें पुढें ठरलें. थोर माणसेंहि चुकतात, व शास्त्र त्या चुका सोडून पुढें जातें. २२ ऑक्टोबर १९८६ रोजीं, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं, वुड्स होल येथें त्यांनीं देह ठेविला. पुढें सेगेदच्या वैद्यकीय विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रावरून असें समजूं नका, कीं मोठे शोध केवळ योगायोगानें लागतात. त्या रात्रीं सेगेदमधील हजारों घरांत तीच मिरची वाढलेली होती. ती एका माणसासच ओळखूं आली. कारण दहा वर्षें तो लिंबें, कोबी, संत्रीं व गुरांच्या ग्रंथि हाताळीत आला होता, व अनेक देशांत त्यानें उपास काढिले होते. जवळची वस्तु ओळखण्यास दूरचे श्रम करावे लागतात. तसेंच, घरांतील मोठ्यांनीं ज्यास मठ्ठ ठरविलें त्याच मुलाच्या हातून हें घडलें, हें पालकांनीं विसरूं नये. मधल्या सुटींत डबा उघडल्यावर आपल्यापैकीं कित्येक जण भाजींतील मिरचीचे तुकडे वेंचून बाजूस काढितात. उद्यां तसें करतांना एक तुकडा बोटांत धरून जरा पहा, आणि त्यास एखादा प्रश्न विचारा.